पंधरा दिवसांत काही होत नाही

"आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) पंधरा दिवस आधी दारू-सिगारेट बंद केली की झालं" असं या चर्चेत वर कोणीतरी पुरुषांसाठी लिहिलंय, ते पटलं नाही. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, मग परिपक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे आज सोडलं तर फरक दिसायला तीनेक महिने.

आणि खर्र्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून बनवतात त्याचं, नाव इथे कोणीच काढलं नाही! आपल्या नागपुरात खरी गोम तिथेच आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बेधडक 'तंबाखू नाही' म्हणालो, कारण सिगारेट ओढत नव्हतो. दिवसाचे चार खर्रे हिशेबातच धरले नव्हते. बायकोने तिथेच तोंडावर सांगितलं. सोडल्यावर आठवडाभर डोकं ठणकत होतं. ऑफिसचा रस्ताही बदलावा लागला, पानठेलेवाला मला लांबून पाहूनच घोटायला घ्यायचा ना. अजून एक, डेंग्यू किंवा दुसरा कुठलाही जोराचा ताप गेल्या दोन-तीन महिन्यांत येऊन गेला असेल तर तोही सांगा, त्याने शुक्राणूंचा रिपोर्ट तात्पुरता खाली येतो. माझा पहिला तसाच आला होता, दोन रात्री झोप नव्हती.