इन्स्पेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं दिसतं म्हणजे प्लांट सुरक्षित आहे का?

जाडीमापक:
स्पष्टच लिहितो. पाइप आणि टाक्या झिजून किती जाडी उरली हे तपासायचं प्लॅनिंग वही-रजिस्टरमधून सॉफ्टवेअरवर गेल्यापासून तारीख पाळणं हेच काम होऊन बसलंय. मीटिंगमध्ये डॅशबोर्ड लावतात, ओव्हरड्यू (मुदत उलटलेल्या तपासण्या) शून्य, चला पुढचा विषय. त्या शून्यामागे जाडी मोजायचा प्रोब नेमका कुठे टेकवला, पाइपवरचं इन्सुलेशन पूर्ण काढलं की नुसती खिडकी कापून बघितलं, हे विचारतंय कोण?

अमेरिकेतली फिलाडेल्फियाची रिफायनरी आठवा. २१ जून २०१९ ला हायड्रोफ्लुओरिक ॲसिडवाल्या अल्किलेशन युनिटमधला (पेट्रोलचा घटक बनवणारं युनिट) एक एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा तुकडा, फुटला, आग लागली, स्फोट झाले. तो एल्बो १९७३ च्या सुमाराचा, स्टीलमध्ये निकेल आणि कॉपर जास्त, त्यामुळे आजूबाजूच्या पाइपपेक्षा कितीतरी वेगाने झिजत गेला. आजूबाजूची जाडी मोजली जात होती, त्या एल्बोची नाही. आता मला सांगा, पॉइंटच, म्हणजे जाडी मोजायची जागाच, यादीत नसेल तर कुठलं सॉफ्टवेअर तो लाल दाखवणार आहे?

शटडाऊन_प्लॅनर:
अजिबात पटलं नाही. रजिस्टर असतं तर तो एल्बो सापडला असता का? पॉइंट कुठे घ्यायचे हे माणसंच ठरवतात, वहीत असो नाहीतर स्क्रीनवर. उलट लाइनचे सगळे फिटिंग नीट भरलेले असतील तर "ज्यांच्यावर एकही पॉइंट नाही ते दाखव" म्हटलं की यादी समोर येते. वहीत हे करायला माणूस आठवडाभर बसवावा लागेल, आणि तेवढा वेळ कोणी देत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि एक्सेलचं काय होतं ते विसरलात का, एकाच फाइलच्या चार कॉपी, त्यातली खरी कुठली ते एकालाच माहीत आणि तो रिटायर झाला की मागची सगळी रीडिंग्ज गेली. मोठ्या प्लांटला हजारो पॉइंट, शेकडो सेफ्टी व्हॉल्व. शटडाऊनमध्ये, म्हणजे प्लांट बंद ठेवून, काय काय उघडायचं ते ठरवताना एक व्हेसल (दाबाखालची टाकी) राहून गेली तर ती पुन्हा उघडायला पुढच्या शटडाऊनपर्यंत वाट बघायची.

गंजरोधक:
तुम्ही दोघं यादीवर भांडताय, मला भीती गणिताची वाटते. एपीआय ५१० या व्हेसल तपासणीच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये साधारण असं आहे की उरलेल्या आयुष्याच्या निम्मी वर्षं किंवा १० वर्षं, जे कमी असेल तेवढ्यात व्हेसल आतून तपासायची. जाडी ९.५ एमएम, किमान लागते ६, झीज वर्षाला ०.२५ एमएम, म्हणजे १४ वर्षं उरली आणि ७ वर्षांच्या आत तपासणी. बरोबर?

आता पुढचं रीडिंग गरम पृष्ठभागावर घेतलं आणि टेम्परेचरचं करेक्शन कोणी केलं नाही. गेज धातूत आवाज सोडून त्याला लागलेल्या वेळेवरून जाडी काढतो, आणि गरम स्टीलमध्ये आवाजाचा वेग कमी होतो, दर ५५ डिग्रीला जवळपास १ टक्का, म्हणून गेज जाडी जास्त दाखवतो. मागच्या वेळी ९.५ होती ती आता ९.७ झाली. धातू काय वाढतो का! पण सिस्टीम झीज शून्य धरते, आयुष्य भरपूर दाखवते आणि तारीख थेट १० वर्षांवर नेऊन ठेवते. जुना इन्स्पेक्टर हे रीडिंग बघताक्षणी पुन्हा घ्यायला लावायचा.

शटडाऊन_प्लॅनर:
मागच्यापेक्षा जास्त जाडी आली तर एन्ट्रीच अडवायची, एवढं सेटिंग बऱ्याच सिस्टीममध्ये करता येतं. लावत नाहीत, कारण मग रीडिंग पुन्हा घ्यावं लागतं. तो दोष सॉफ्टवेअरचा कसा?

साइटवरची:
मी रोज हे पॉइंट घेते म्हणून लिहिते. वर्क ऑर्डरवर समजा २० पॉइंट असतात, स्कॅफोल्डिंग १२ पर्यंतच पोचतं, कामाचं परमिट संध्याकाळी संपतं. मग क्लोज करा नाहीतर ओव्हरड्यू होईल म्हणून फोन येतो. अर्धवट झालं असं लिहायला जागाच नसते, रिमार्कमध्ये लिहिलं तर ते डॅशबोर्डवर जात नाही. जाडीमापकदादांचं म्हणणं इथे खरं आहे. पण वही परत आणू नका हो, टॅबवर मागची रीडिंग्ज आणि ड्रॉइंग जागेवरच दिसतं, त्यामुळे चुकीच्या पॉइंटवर प्रोब टेकवणं खूप कमी झालंय. मला फक्त प्रत्येक पॉइंट वेगळा क्लोज करता यायला हवा, आणि राहिलेले ८ राहिलेलेच दिसायला हवेत.

जाडीमापक:
ताई, अगदी हेच. पण दिसून तरी काय होतं ते बघा. अमेरिकेतल्याच रिचमंडच्या रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ ला क्रूड (कच्च्या तेलाच्या) युनिटची लाइन फुटली, गंधकाच्या गंजाने पातळ झाली होती, स्टीलमध्ये सिलिकॉन कमी. नंतर आसपासचे जवळपास १५,००० लोक उपचारासाठी गेले. त्या लाइनचा प्रत्येक तुकडा तपासा अशी शिफारस त्यांच्याच तांत्रिक लोकांनी आधी केलेली होती. २०११ च्या शटडाऊनमध्येही फुटलेला तुकडा बदलला नाही. माहिती होती, निर्णय झाला नाही.

म्हणून माझी मागणी अशी की तारीख पुढे ढकलली की ढकलणाऱ्याचं नाव आणि कारण डॅशबोर्डच्या पहिल्याच पानावर यावं, आणि नवी तारीख पडली तरी तो रंग हिरवा होऊ नये.

गंजरोधक:
रंगाचं पटलं. शिफारशींनाही तारीख आणि रंग द्या, फक्त तपासण्यांना नको.

शटडाऊन_प्लॅनर:
रंगाला माझीही हरकत नाही. कारण आणि सही रेकॉर्डमध्ये असायलाच हवी, पण नाव पहिल्या पानावर टांगलंत तर लोक डिफर (तारीख पुढे ढकलण्याची परवानगी) मागणंच बंद करतील आणि जागेवर न जाता क्लोज करून टाकतील. उघडपणे पुढे ढकललेली तपासणी निदान मला सापडते, खोटी क्लोज केलेली कशी शोधू?

साइटवरची:
गेजमधून रीडिंग वेळेसकट थेट सिस्टीममध्ये घ्या, हाताने टाइप करायची सोय बंद करा. मग खोटं क्लोज करणं बरंच अवघड होईल.

जाडीमापक:
हे मान्य. पण नावाचा मुद्दा मी सोडत नाही. पाइपखाली उभ्या असलेल्या ऑपरेटरला आपल्या डोक्यावरची लाइन कोणाच्या सहीने पुढे ढकलली हे कळायला हवं.