मदत हवी आहे : अनारसे आणि खसखशीची खीर खाल्ल्यावर लघवीच्या चाचणीत ‘ओपिएट पॉझिटिव्ह’, प्रयोगशाळेकडे नेमके काय मागावे?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ तेलवाहू टँकरवर फिटर आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुंबईतील एका तपासणी केंद्रात, जहाजावर रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत, त्याची लघवी अमली पदार्थांसाठी तपासण्यात आली आणि अहवालावर ‘ओपिएट पॉझिटिव्ह’, म्हणजे मॉर्फिन-कोडीनसारखी अफूतली द्रव्ये आढळली, असा शेरा पडला. कंपनीने नेमणूक तूर्त थांबवली आहे. तो तंबाखूलाही हात लावत नाही. मात्र कंपनीपुढे हे सांगून काही साधणार नाही हे आम्ही जाणतो, म्हणून मुद्द्याचे तेवढे लिहितो.

आदल्या संध्याकाळी त्याने पाच-सहा अनारसे खाल्ले होते. आमच्या आईचे अनारसे खसखशीवर भरपूर दाबून थापलेले असतात आणि खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, तळलेले असतात, त्यामुळे एकेका अनारशावर चांगला थर बसतो. त्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती म्हणून रात्री आईने खसखस भिजवून, वाटून खीर केली होती आणि त्याने ती दोन वाट्या घेतली. खोकल्याच्या औषधाची बाटली आत्ता माझ्यासमोर आहे. तिच्यावर डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्लोरफेनिरामाइन लिहिले आहे, कोडीन नाही. पोट बिघडल्यामुळे त्याने पाच दिवस ओफ्लॉक्सासिन घेतले होते, ते भाऊबिजेच्या सकाळी संपले. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवली आहे.

चाचणी बोटभर पट्ट्यांच्या कार्डावर झाली. भावाला आठवते त्याप्रमाणे त्या खान्यावर ‘एमओपी ३००’ (एमओपी म्हणजे मॉर्फिन) अशी अक्षरे होती, वरची नियंत्रण रेघ ठळक होती आणि खालच्या जागी अगदी पुसट रेघ दिसत होती. तंत्रज्ञाने मात्र ‘रेघ नाही’, म्हणजे पॉझिटिव्ह, असे नोंदवले. तिसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या खासगी प्रयोगशाळेत स्वखर्चाने चाचणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. केंद्राचे म्हणणे असे की तो वेगळा नमुना आहे, त्याने काहीच सिद्ध होत नाही. हे खरे आहे का? खसखशीमुळे असे होऊ शकते का, की ही नुसती ऐकीव गोष्ट आहे? आणि आता कोणती चाचणी मागावी, अहवालात काय लिहून घ्यावे? या क्षेत्रात काम केलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास उपकार होतील.

प्रतिसाद :

मी काही वर्षे विषविज्ञान प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सर्वप्रथम दुसऱ्या चाचणीविषयी, कारण बहुतेक जण नेमकी तीच चूक करतात. खसखशीतून आलेले मॉर्फिन लघवीत साधारणपणे दोन दिवसांच्या आत ओळखता येण्याच्या मर्यादेखाली जाते. त्यामुळे तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल खसखस खाणाऱ्याचाही येईल आणि एकदाच अफू घेतलेल्याचाही येईल. केंद्राची भाषा रूक्ष असली तरी म्हणणे बरोबर आहे. आपला पुरावा पहिल्या दिवसाच्या बाटलीत आहे. नवा नमुना देत बसू नका. तोच नमुना पुष्टी चाचणीसाठी पाठवावा, अशी लेखी मागणी आजच करा.

कार्ड ही केवळ चाळणी आहे. त्यातील प्रतिपिंडे (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिने) एका नेमक्या रेणूलाच नव्हे, तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या रेणूंनाही पकडतात, आणि ओफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके काही संचांमध्ये ओपिएटचा खोटा पॉझिटिव्ह देतात हे प्रसिद्ध आहे. म्हणून ती चिठ्ठी अर्जाला जोडाच. पुसट रेघही रेघच असते, म्हणजे निगेटिव्ह, असे जवळजवळ प्रत्येक संचाच्या माहितीपत्रकात छापलेले असते. पण कार्डाचे छायाचित्र नसेल तर त्या वादात शिरू नये, त्यातून हाती काही लागत नाही. ‘३००’ हा आकडा मात्र उपयोगाचा आहे. तो एका मिलिलिटरमधील नॅनोग्रॅम दाखवतो. अमेरिकेच्या सरकारी कार्यक्रमात हीच मर्यादा होती आणि खसखशीमुळे निरपराध माणसे अडकतात हे लक्षात आल्यावरच ती १९९८ पासून २००० करण्यात आली. बाजारात दोन्ही मर्यादांची कार्डे मिळतात. तेव्हा खसखशीची गोष्ट ऐकीव अजिबात नाही. अफूच्या बोंडाचा चीक बियांच्या पृष्ठभागाला लागतो, त्यातून मॉर्फिन आणि कोडीन येते, आणि ते किती असेल हे त्या त्या मालावर अवलंबून असते. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना याच कारणाने दिली.

पुष्टी चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफी किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमेट्री जोडून व्हायला हवी. नुसता ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द घेऊ नका, चार पदार्थांचे स्वतंत्र निकाल मागा : मॉर्फिन, कोडीन, सहा-असिटिलमॉर्फिन आणि थीबाइन. सहा-असिटिलमॉर्फिन फक्त हेरॉइनमधून येते; ते आढळले तर खसखशीचे कोणतेही स्पष्टीकरण टिकणार नाही, हेही आपल्याला स्पष्टच सांगतो. उलट थीबाइन हे अफूच्या झाडातले आणखी एक द्रव्य खसखशीत असते, औषधी मॉर्फिन किंवा कोडीनच्या गोळीत नसते, त्यामुळे ते सापडले तर आपल्या बाजूने बोलते. बऱ्याच प्रयोगशाळा ते आपणहून पाहत नाहीत, म्हणून नाव घेऊनच मागावे लागते. मॉर्फिन लघवीत बहुतांशी ग्लुकुरोनाइडला (शरीर त्याला जोडते त्या साखरेसारख्या रेणूला) जोडलेले असते. प्रयोगशाळेने ते आधी सुटे करून ‘एकूण मॉर्फिन’ मोजले आहे की फक्त मोकळे, हे अहवालावर नोंदवून घ्या, नाहीतर दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत आणि पुन्हा गोंधळ होईल.

आकडा २००० च्या वर गेला म्हणून खचून जाऊ नका. दोन वाट्या खीर ही थोडीथोडकी खसखस नव्हे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांत मॉर्फिन किंवा कोडीन १५,००० नॅनोग्रॅमच्या खाली असेल आणि सहा-असिटिलमॉर्फिन नसेल, तर गैरवापराची वैद्यकीय लक्षणे दिसल्याखेरीज वैद्यकीय समीक्षक (प्रयोगशाळेचा निकाल तपासणारा डॉक्टर) तो निकाल पॉझिटिव्ह ठरवत नाही. आपल्या भावाच्या कंपनीचे धोरण वेगळे असू शकते. ते धोरण लेखी मागून घ्या.

नमुना घेताना बाटलीवर सील लावले का, त्यावर भावाची आद्याक्षरे घेतली का, आणि नमुना दोन बाटल्यांत विभागला का, हे त्याला आजच विचारून कागदावर उतरवून ठेवा. क्रिएटिनिनचा (लघवी किती दाट आहे हे दाखवणाऱ्या द्रव्याचा) आकडाही मागा. तो डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणी पिऊन नमुना पातळ केल्याचा आक्षेप उरत नाही. केसांची चाचणी सुचवणारे भेटतील. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीन महिन्यांचा सततचा वापर नाकारण्यासाठी ती पूरक ठरते, पण त्या एका सकाळच्या निकालाचे उत्तर तिच्यात मिळत नाही.

एक अवांतर : जहाज दुबईला लागणार असेल तर भावाच्या सामानात अनारशांचा डबा देऊ नका. तेथे खसखस नेण्यावरच बंदी आहे.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. आताच केंद्रात दूरध्वनी केला. नमुना एकाच बाटलीत आहे, सीलवर भावाची सही आहे आणि बाटली शीतकपाटात ठेवली आहे असे ते म्हणतात. आज पाचवा दिवस आहे. इतक्या दिवसांत त्यातील मॉर्फिन कमी झाले असेल का?

प्रतिसाद :

शीतकपाटात पाच दिवसांत मॉर्फिनमध्ये निकाल बदलण्याइतका फरक पडत नाही. तरीही बाटली उणे २० अंशांवर गोठवून ठेवावी आणि सील न तोडता पाठवावी, अशी विनंती त्याच अर्जात करा. उरलेली खसखस घरात असेल तर पुडी वेगळी काढून ठेवा, दुकानाची पावतीही शोधा.

धागाकर्ता :

पुडीत दोन चमचे खसखस उरली आहे. आईने ती लिफाफ्यात बंद करून वर तारीख घातली आहे. पावती मिळाली नाही, पण दुकानदार वहीतली नोंद दाखवायला तयार आहे. अर्ज उद्या सकाळी घेऊन जातो. चार पदार्थांची नावे त्यात जशीच्या तशी उतरवली आहेत.