मदत हवी आहे: तुरीच्या चुनीतील प्रथिने, प्रयोगशाळेतील १६ ग्रॅम आणि कारखान्याचे ५० किलो

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका संशोधन संस्थेत मी गेली काही वर्षे डाळींच्या प्रथिनांवर काम करते आहे. तूर भरडताना डाळ गिरणीत जी चुनी निघते, म्हणजे डाळीचे बारीक तुकडे, पीठ आणि थोडी टरफले, ती बहुतेक सगळी पशुखाद्यात जाते. आमची चुनी लातूरहून येते आणि तिच्यात साधारण २० टक्के प्रथिने असतात. अल्कलीयुक्त पाण्यात ही प्रथिने विरघळवून, नंतर पाण्याचा सामू (पीएच) ४.५ च्या आसपास आणला की त्यांचा साका खाली बसतो. तो वाळवल्यावर सुमारे ८० टक्के प्रथिने असलेली फिकट पिवळी भुकटी मिळते. शोधनिबंध छापून आला आहे आणि पेटंटचा अर्ज त्याआधीच संस्थेच्या नावाने केलेला आहे, त्यामुळे पेटंटची काळजी नाही.

दिवाळीनंतर शहरातल्याच एका फरसाण उत्पादकाशी बोलणे झाले. मी प्रथिनांची टक्केवारी, अमिनो आम्ले आणि पचनक्षमता यांचे तक्ते घेऊन गेले होते. त्यांच्या तंत्रज्ञांनी ते शांतपणे पाहिले आणि तीन प्रश्न विचारले: बेसनात दहा टक्के मिसळल्यास शेव सोऱ्यातून न तुटता पडेल का, तळताना ती तेल किती पिईल, आणि चार महिन्यांनी पाकिटाला खवट वास येईल का. एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. (चार वर्षांत शेव तळून पाहण्याचे मला सुचले नाही, याची आता लाज वाटते.) त्यांचे यंत्र थोड्या पिठावर चालत नसल्याने चाचण्यांसाठी त्यांना एकाच घाण्याची ५० किलो भुकटी हवी आहे.

आमच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवून साका द्रवापासून वेगळा करणाऱ्या यंत्रात, एका वेळी एक लिटर द्रावण मावते, त्यात १०० ग्रॅम चुनी असते, आणि प्रथिनांपैकी ६५ टक्के हाती लागतात असे धरले तर एका फेरीतून जेमतेम १६ ग्रॅम भुकटी निघते. म्हणजे ५० किलोंसाठी तीन हजारांहून अधिक फेऱ्या. रोज सहा केल्या तरी पाचशेहून अधिक दिवस! शिवाय तीनशे किलोंच्या वर चुनी, तीन हजार लिटरांच्या वर पाणी, आणि शेवटी उरणारा ओला स्टार्चचा लगदा ठेवायचा कुठे, हा प्रश्न वेगळाच.

त्याहून नाजूक बाब अशी की आम्ही भुकटी गोठवून निर्वातात वाळवतो, तर कारखान्यात ती गरम हवेच्या झोतात फवारून, म्हणजे स्प्रे ड्रायरमध्ये, वाळवली जाईल. उष्णतेने प्रथिनांची घडण बदलते आणि विद्राव्यता कमी होऊ शकते. तेव्हा मी तपासलेला पदार्थ आणि उत्पादकाच्या हाती पडणारा पदार्थ एकच असेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपल्या शहरातच आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे एमएसीएस वाण विकसित केले. तेथे पैदासकार बियाणे, मग पायाभूत, मग प्रमाणित, अशी ठरलेली साखळी आहे. मूठभर बियाण्यापासून शेतकऱ्याच्या पिशवीपर्यंत प्रत्येक पायरीला कोणीतरी जबाबदार असते. प्रथिनांच्या भुकटीला अशी मधली पायरीच नाही. संस्था म्हणते की तंत्रज्ञानाचा परवाना घेणारा आणा, आणि उत्पादक म्हणतो की आधी नमुना आणा.

‘स्वतःची कंपनी काढा’ हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. नवउद्योगांना मदत करणाऱ्या पाषाणच्या व्हेंचर सेंटरची आणि बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ५० लाखांपर्यंतच्या ‘बिग’ नावाच्या अनुदानाची माहिती मी घेतली आहे. परंतु मला व्यवसाय चालवायचा नाही. मला हे काम योग्य हातांत द्यायचे आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. पुणे परिसरात, भोसरी, चाकण किंवा रांजणगावकडे, खाद्य दर्जाच्या टाक्या आणि स्प्रे ड्रायर जॉबवर्कसाठी मिळतात का? वनस्पतींचे अर्क बनवणारे कारखाने असे काम घेतात का, आणि घेतल्यास आधीच्या मालाचा वास यंत्रातून पूर्ण जातो का? म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत पथदर्शी पातळीवर, म्हणजे प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मधल्या प्रमाणावर, काम करून घेतलेले कोणी येथे असल्यास खर्च आणि प्रतीक्षा किती झाली, ते कृपया सांगावे. नमुना देण्यापूर्वी गोपनीयतेचा करार संस्थेने करावा की मी?

एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरण, याच्या नियमांबाबतही शंका आहे. मानक न ठरलेल्या खाद्यघटकांना २०१७ च्या विनियमांनुसार पूर्वपरवानगी लागते. तूर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, पण चुनीतून वेगळे काढलेले प्रथिन या व्याख्येत बसते का? शिवाय चुनी पशुखाद्य म्हणून उघड्यावर पोत्यांत पडून असते. बुरशीचे विष टाळायचे तर ती गिरणीतच वेगळी भरून घ्यावी लागेल. त्यासाठी गिरणीमालक किलोमागे किती जादा मागतील, याचा अंदाज कोणी देऊ शकेल का?

भर: ‘सोयावडी स्वस्त असताना हा खटाटोप कशाला?’ असे एका सदस्यांनी विचारले आहे. सोयाबीनमध्ये प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे भावात मी सोयाशी स्पर्धा करू शकणार नाही, हे मान्य आहे. मात्र उत्पादकाला सोयाचा उग्र वास शेवेत नको आहे. तुरीचा वास बेसनात लपतो असे मला वाटते, आणि तेच तपासण्यासाठी ५० किलो हवे आहेत.