टाळेबंदीवर शंका घेणारे सगळेच बेजबाबदार होते का?

डोंबिवलीकर:
परवा एका लग्नात जेवताना करोनाचा विषय निघाला. शेजारी बसलेले एक डॉक्टर म्हणाले, "लोकांनी ऐकलं नाही म्हणून दुसरी लाट भडकली." तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझ्या वडिलांचं डोंबिवलीत दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय आहे. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा पहिलाच दिवस. दुकान बंद. राज्याने सलूनला परवानगी दिली ती 28 जूनला, तीही फक्त केस कापायची, दाढीला मनाई. बाबांनी खुर्च्यांचं रेक्झिन घासून पुसलं, एकदा वापरून फेकायचे अ‍ॅप्रन आणले, टॉवेल बंद केले. आणि 2 जुलैपासून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी! चार दिवसांचा धंदा झाला. त्या अ‍ॅप्रनचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे.

बाबांना रोग खोटा वाटत नव्हता. दिवसातून दहा वेळा हात धुऊन त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. पण 4 मेला मुंबईत दारूच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि आपलं शटर खाली, याचं कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन' आलं, तेव्हा बांधकाम कामगार, रिक्षावाले, फेरीवाले यांना दीड हजार रुपये जाहीर झाले. मिळाले त्यांना मिळायलाच हवे होते, पण सलूनवाल्यांचं नाव त्यात नव्हतं. दुकानाचं भाडं मात्र चालूच.

शंका रोगावर नव्हती, हुकूम काढणाऱ्यांवर होती. त्याला बेजबाबदारपणा म्हणायचं का?

रात्रपाळी:
दादा, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. तरी मी तुमच्या विरोधातच लिहिणार आहे. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, एप्रिल 2021 चा पूर्ण महिना कोविड वॉर्डात होते.

एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. पेशंटला मिनिटाला पंधरा लिटर लागत असेल तर तो आठ ताससुद्धा पुरत नाही. असे वीस पेशंट एका वॉर्डात, आणि गाडी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही. मी रात्री तीन वाजता टॉर्च घेऊन काटे बघत फिरायचे आणि कुणाचा फ्लो दोन लिटरने कमी करता येईल ते शोधायचे. 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात अडुसष्ट हजारांवर नवे रुग्ण सापडले. मेअखेरीस तो आकडा वीस हजारांच्या खाली आला. त्या दिवसांत दुकानं, बाजार, लग्नं सुरू राहिली असती तर आम्ही पेशंट कुठे ठेवले असते?

तळेगावचा:
ताई, लाट येते तशी ओसरतेही. ती बंदमुळेच ओसरली हे कशावरून? धारावीचं उदाहरण घ्या. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, दाटीवाटीने राहणारी लाखो माणसं, सार्वजनिक शौचालयं. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला. घरात बसा सांगून तिथे भागलं असतं का? दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण. तिथे लोक दारोदार गेले, ताप मोजला, संशयितांना शाळांमध्ये आणि हॉलमध्ये वेगळं ठेवलं, जेवण दिलं. साथ आटोक्यात आणली ती या कष्टाने.

रात्रपाळी:
धारावीत बंद नव्हता असं म्हणताय का? भाग सील केले होते, बॅरिकेड होती. आत तपासण्या आणि बाहेर बंद, दोन्ही मिळून झालं ते. वेगळं ठेवण्याचं काम जमलं, कारण लोक इकडून तिकडे फिरत नव्हते.

स्टीलनगरी:
मी जालन्याचा. 24 मार्चला रात्री आठला भाषण, बाराला देश बंद. चार तास! आमच्याकडच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची मुलं मे महिन्यात भुसावळकडे चालत निघाली, तिथून रेल्वे मिळेल या आशेने. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपली होती. मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो अख्ख्या देशाने पाहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले याची माहितीच नाही. ज्यांची मोजदादही ठेवली नाही, त्यांच्या घरच्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

पेठेतला:
आधी चार दिवस सांगितलं असतं तर सगळी मुंबई, सगळं पुणे स्टेशनवर लोटलं असतं आणि साथ थेट गावात पोचली असती. अचानक करण्यामागे तेवढं कारण होतं. चूक झाली ती पुढच्या पाच आठवड्यांत. श्रमिक गाड्या 1 मेपासून सुरू झाल्या, त्या पहिल्या पंधरवड्यातच सुटायला हव्या होत्या.

आणखी एक. राज्याचे हुकूम ज्या कायद्यांखाली निघाले त्यातला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. पुण्यात तेव्हा सोल्जर घरात शिरून माजघर, देवघर तपासायचे. त्या संतापातून रँडचा खून झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. लोकांनी एकीकडे दार लावलं आणि दुसरीकडे उघडलं, हे आमच्या शहरानेच पाहिलंय. 2020 मध्ये चौकात दूध आणायला निघालेल्या माणसाला उठाबशा काढायला लावल्या, ते मला त्याच जातीचं वाटतं. बंद मला मान्य होता, ती वागणूक नव्हती.

डोंबिवलीकर:
रात्रपाळीताई, तुमचं सिलिंडरचं गणित बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. म्हणाले, "हे तेव्हा कुणी असं समोर बसून सांगितलं असतं तर मी स्वतःहून कुलूप लावलं असतं. भाड्याचं काय करायचं ते मग विचारलं असतं."

रात्रपाळी:
आम्हाला बोलायला मनाई होती, दादा. वॉर्डात किती सिलिंडर उरलेत ते बाहेर सांगायचं नाही, लोक घाबरतील, असं वरून बजावलं होतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.