गाडीचे नाव गाण्यात, गाण्याचे नाव गाडीला

प्रश्न

गीतांजली, ज्ञानेश्वरी, कामायनी, तुतारी: काव्यांची नावे गाड्यांना देण्याची रीत आपल्याकडे चांगली रुजली आहे. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा तिला वरच्या वर्गाचा डबाच नव्हता. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना निघालेल्या त्या वर्गविरहित गाडीला रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव मिळाले, हे मला आजही फार मोलाचे वाटते. मात्र याच्या उलट, म्हणजे एखाद्या खऱ्या रेल्वेचे किंवा गाडीचे नाव गाण्यात येऊन बसले आणि तिथून लोकांच्या तोंडी झाले, असे मराठीत मला सहसा आढळत नाही. आपल्या बालगीतांतली आगगाडी झुकझुक करते, धूर सोडते, मामाच्या गावाला नेते, पण तिला स्वतःचे नाव नसते. अमेरिकेच्या लोकसंगीतात मात्र रेल्वे कंपन्यांची नावे जागोजागी भेटतात. हा फरक कशामुळे पडला असावा? आणि गाण्यावरून गाडीचे नाव ठेवल्याची उदाहरणे तिकडेही आहेत का?

प्रतिसाद १

तिकडे रेल्वेचे नाव हा पत्त्याचाच भाग होता, असे मला वाटते. अनेक खाजगी कंपन्यांचे मार्ग एकमेकांना छेदत जात असल्यामुळे कोणत्या कंपनीच्या रुळांवरून गेलो की कुठे पोहोचू, हे ज्याला त्याला पाठ असे. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी सांगितलेला एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातील टटवायलर स्थानकावर ते गाडीची वाट पाहत असताना फाटक्या कपड्यांतला एक कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून सरकवत गात होता, आणि ‘सदर्न जिथे डॉगला ओलांडते’ तिथे आपल्याला जायचे आहे, एवढी एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होता. सदर्न ही एक रेल्वे आणि ‘यलो डॉग’ हे याझू डेल्टा रेल्वेचे लोकांनी पाडलेले नाव. या दोहोंचे रूळ मूरहेड या गावी एकमेकांना काटकोनात छेदत असत. गाणाऱ्याने गावाचे नाव घेतलेच नाही, कारण दोन रेल्वेंची नावे सांगितली की गाव आपोआप कळत होते. हँडींनी पुढे याच ओळीच्या आधारे ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारातली एक रचना प्रसिद्ध केली.

याला स्थलांतराचीही जोड आहे. दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडे निघाले, तेव्हा मिसिसिपीतून शिकागोला नेणारी इलिनॉय सेंट्रल ही त्यांच्यासाठी सुटकेची वाट होती. ज्या रेल्वेने आयुष्याची दिशा बदलते, तिचे नाव गाण्यात येणारच.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले. आपल्याकडेही स्थलांतर झाले आणि त्यावर गाणीही झाली, पण ती बहुधा मागे राहिलेल्या बाईच्या तोंडची आहेत. उत्तर भारताच्या पूर्वेकडील भागातल्या लोकगीतात ती रेल्वेला ‘बैरन’ म्हणते, कारण रेल्वे तिच्या नवऱ्याला घेऊन जाते. गाडी कोणत्या कंपनीची आहे आणि कोणत्या जंक्शनवरून वळते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तिच्या लेखी सगळी रेल्वे एकच आणि ती वैरीण. अमेरिकेतला गाणारा स्वतः जाणारा आहे, म्हणून त्याला मार्गाचे नाव लागते, आणि आपल्या गीतातली स्त्री घरीच राहते, म्हणून तिला ते लागत नाही. मूळ प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मला यात दिसते.

प्रतिसाद ३

गाण्यावरून गाडीचे नाव ठेवल्याचे अगदी स्पष्ट उदाहरण ‘वॉबॅश कॅननबॉल’चे आहे. या गाण्यातली गाडी काल्पनिक होती. गाणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूप बदलत चालत आले, १९२९ मध्ये कार्टर कुटुंब या लोकगायकांच्या चमूने ते ध्वनिमुद्रित केले, पुढे ते घरोघरी पोहोचले, आणि १९४९ मध्ये वॉबॅश रेल्वेने आपल्या डेट्रॉइट-सेंट लुइस या दिवसाच्या गाडीला तेच नाव दिले. १९७१ मध्ये ती गाडी बंद झाली.

दुसरे उदाहरण ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ हे आहे आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. शिकागो ते न्यू ऑर्लिन्स ही दिवसाची गाडी इलिनॉय सेंट्रलने १९४७ मध्ये सुरू केली. स्टीव्ह गुडमन यांनी तिच्यावर गाणे लिहिले आणि १९७२ मध्ये आर्लो गथ्री यांच्या आवाजात ते गाजले. मात्र त्याआधीच, १९७१ मध्ये, ॲमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने गाडी हाती घेऊन तिला रात्रीचे वेळापत्रक आणि दुसरे नाव दिले होते. गाण्याच्या लोकप्रियतेमुळे १९८१ मध्ये जुने नाव परत आले. वेळापत्रक मात्र रात्रीचेच राहिले. म्हणजे आधी गाडीने गाण्याला नाव दिले आणि नंतर गाण्याने ते गाडीला परत मिळवून दिले.

प्रतिसाद ४

आपल्याकडील नावांविषयी थोडे सांगतो. कवितेचे नाव गाडीला शोभते ते मार्गाचा कवीशी संबंध असेल तेव्हा, असे माझे मत आहे. दादर-सावंतवाडी राज्यराणी एक्सप्रेसचे २०१७ मध्ये ‘तुतारी’ असे नामांतर झाले. केशवसुत मालगुंडचे, आणि ही गाडी त्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यातूनच जाते. कामायनी एक्सप्रेस मुंबईहून निघून जयशंकर प्रसादांच्या वाराणसीवरून जाते. हावडा-आसनसोल अग्निवीणा एक्सप्रेस काझी नजरुल इस्लाम यांच्या १९२२ च्या संग्रहाचे नाव घेऊन धावते आणि त्यांचे जन्मगाव चुरुलिया आसनसोलजवळच आहे. विशेष म्हणजे बांगलादेशात ढाक्याहूनही याच नावाची गाडी सुटते; एका कवितासंग्रहाचे नाव दोन देशांच्या गाड्यांनी घ्यावे, ही मला नजरुलांच्या थोरवीची मोठीच खूण वाटते. त्या मानाने ज्ञानेश्वरी एक्सप्रेस मुंबईहून हावड्याला जाते आणि तिच्या वाटेवर ना नेवासे येते, ना आळंदी. नाव आदराने दिले आहे याबद्दल शंका नाही, पण ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून जाणाऱ्या एखाद्या गाडीला मिळाले असते, तर त्या मार्गावरच्या प्रवाशाला ते अधिक आपले वाटले असते.