अ‍ॅमस्टरडॅम: कालव्याकाठच्या जुन्या घरातलं हॉटेल घेताना काय बघावं?

भटकभवानी:
मेच्या मध्यावर चार रात्री अ‍ॅमस्टरडॅम. सोबत सासू-सासरे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. हॉटेल कालव्यावरच्या सतराव्या शतकातल्या घराचंच हवंय, छोटं आणि झकास. दर बघून डोळे पांढरे झालेत, ते असो. एवढे पैसे मोजूनही फसगत नेमकी कुठे होते?

घाटमाथा:
जिन्यात. ही घरं अरुंद, खोल आणि उंच, त्यामुळे मूळ जिना शिडीसारखा उभा. सामान त्यावरून चढतच नाही. म्हणून तर घरांच्या माथ्यावर आकडा लावलेली तुळई पुढे आलेली दिसते. दोर टाकून कपाटं आजही खिडकीतून आत घेतात.

'लिफ्ट आहे' एवढ्यावर विसंबू नका. अशी हॉटेलं बहुधा शेजारची घरं आतून जोडून केलेली असतात (पुलिट्झर हे हॉटेल तर 25 घरांचं आहे) आणि प्रत्येक घराचे मजले वेगळ्या उंचीवर. त्यामुळे लिफ्टमधून उतरल्यावरही बोळात मध्येच दोन-चार पायऱ्या लागू शकतात. शिवाय मुख्य दार रस्त्यापासून अर्धा मजला वर, बाहेर दगडी पायऱ्या. तेव्हा ईमेलमध्ये एकच प्रश्न नेमका विचारा: रस्त्यापासून या खोलीच्या पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? उत्तर खोली क्रमांकासह लेखी घ्या. न्हाणीघरात उभं राहून आंघोळ करायची सोय आहे की काठ ओलांडून टबात उतरायचं, तेही त्यातच विचारा.

कडक_चहा:
+१. आता खोलीची बाजू. हॉटेल कालव्यावर आहे म्हणजे खोली कालव्याकडे तोंड करून आहे असं नाही. खोलीच्या प्रकारात 'कालव्याचं दृश्य' स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मागची बाग किंवा अंगण मिळणार असं धरून चाला. माझं मत विचाराल तर ज्येष्ठांना बागेकडचीच द्या. कालव्यावर रात्री उशिरापर्यंत हसत-खिदळत होड्या जातात आणि संरक्षित इमारतीत जाड दुहेरी काचा बसवणं सोपं नसतं. प्रिन्सेनग्राख्त कालव्यावर वेस्टरकेर्क चर्चजवळ असाल तर तिथली घंटा दर पाव तासाला वाजते, हे धरा.

माळ्यावरची खोली फोटोत सुंदर दिसते, पण तिरक्या छपराखाली उभं राहायला जागा कमी आणि उन्हाळ्यात ती तापते. वातानुकूलन असेलच, हे गृहीत धरू नका. जमीन किंचित कललेली असेल. घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, तक्रार करून उपयोग नाही. आणखी एक: शहरात कालव्यांच्या काठभिंतींची दुरुस्ती वर्षानुवर्षं चालणार आहे. समोर काम चालू आहे का, हे आधीच विचारा.

भटकभवानी:
पायऱ्यांचा प्रश्न आजच पाठवते. कर किती लागतो? आणि विमानतळावरून कसं जायचं?

जमाखर्च:
पर्यटक कर 12.5 टक्के, व्हॅट वगळून उरलेल्या भाड्यावर. बुकिंगच्या पहिल्या पानावर तो बऱ्याचदा दिसतच नाही. 2026 पासून निवासावरचा व्हॅटही 9 चा 21 टक्के झालाय. म्हणजे व्हॅटसह 400 युरोची खोली असेल तर मूळ भाडं सुमारे 330 आणि त्यावर पर्यटक कर 41. चार रात्रींचे 165 युरो एका खोलीचे. तुम्ही दोन खोल्या घेणार. दोन संकेतस्थळांवरचे दर ताडून बघताना शेवटच्या पानावरचा आकडाच बघा.

स्खिपोल विमानतळाहून सेंट्रल या मुख्य स्टेशनपर्यंत रेल्वेने पाऊण तासही लागत नाही, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. तिथून हॉटेलजवळच्या थांब्यापर्यंत ट्राम: वेस्टरमार्क्टला 13 किंवा 17 नंबरची, कोनिंग्सप्लाइनला 2 किंवा 12. बँक कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवायचं, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं. एका कार्डावर दोघं चालत नाहीत. सासूबाईंसाठी मात्र सरळ टॅक्सी करा. काठावरच्या विटांच्या फरशीवर चाकांची बॅग ओढणं वैताग आहे.

घाटमाथा:
मुंबईहून रात्री निघालात तर सकाळीच पोचाल, खोली मात्र दुपारी तीनच्या सुमारास मिळेल. लवकर खोली हवी असल्यास आत्ताच ठरवा, नाहीतर बॅगा ठेवून बाहेर पडायची तयारी ठेवा. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवडे पुढची खुली होतात. ते घरही जिन्यांचंच आहे, सासूबाईंना विचारून मगच काढा. आणि क्यूकेनहॉफच्या ट्युलिपच्या बागा बघायच्या असतील तर तारखा पुन्हा तपासा. गेली काही वर्षं ती बाग मेच्या दुसऱ्या रविवारी बंद होते.