मदत हवी आहे : जुन्या डिस्कव्हरी ४ चे एअर सस्पेन्शन दुरुस्त करावे की काढून कॉइल स्प्रिंग बसवाव्यात?

नमस्कार.

माझ्याकडे २०११ मध्ये मुंबईत नोंदणी झालेली लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ आहे. इंजिन ३.० लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल (टीडीव्ही६) आहे आणि झेडएफ कंपनीचा सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मी नाशिकला राहतो आणि दिंडोरीकडील द्राक्षबागेत जाण्यासाठी ही गाडी बारा महिने वापरतो. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरखेरीज फारसे काही चालत नाही. ही गाडी मात्र एअर सस्पेन्शनने, म्हणजे चाकांवरील हवेच्या स्प्रिंगांनी, उंची वाढवून, लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) लावून शांतपणे बाहेर येते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी कसारा घाट उतरून सात माणसांना आरामात मुंबईला नेते. या दोन्ही गोष्टी एकाच गाडीकडून होतात म्हणूनच मी ती इतकी वर्षे ठेवली आहे आणि पुढेही ठेवू इच्छितो.

तक्रार अशी आहे. रात्री सपाट फरशीवर उभी केलेली गाडी सकाळी पुढच्या डाव्या बाजूने खाली बसलेली दिसते, कधी कधी तर संपूर्ण गाडीच उतरलेली असते. इंजिन चालू केल्यावर ती पुन्हा उंच होते, परंतु पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ घेते. अलीकडे घाटात सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागू लागला आहे आणि त्यानंतर ऑफ-रोड उंची (खराब वाटेसाठीची वाढीव उंची) मिळत नाही. स्कॅनर लावल्यावर सी१ए२० हा कोड आला. साठवण टाकी भरताना हवेचा दाब अपेक्षेपेक्षा सावकाश वाढतो, असा त्याचा अर्थ आहे.

ज्या कार्यशाळेत गाडी नेली तिथे चारही कोपऱ्यांचे एअर स्प्रिंग (गॅरेजमध्ये ज्यांना सरसकट 'बलून' म्हणतात), कंप्रेसर (हवा दाबून भरणारा पंप) आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा त्या त्या कोपऱ्याकडे सोडणारा झडपांचा संच) असे सर्वच बदलण्याचे अंदाजपत्रक मिळाले. ते गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशापर्यंत जाते. गळती नेमकी कोठे आहे याची तपासणी केली होती का, असे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या एका गॅरेजने हवेची सगळी यंत्रणा काढून टाकून साध्या कॉइल स्प्रिंग बसवण्याचा सल्ला दिला. तो खर्च निश्चितच पुष्कळ कमी आहे.

कॉइलबाबत माझे मन अजिबात तयार होत नाही आणि त्याची कारणे स्पष्टपणे मांडतो. गाडीचे वजन अडीच टनांहून अधिक आहे. मागे तिसऱ्या रांगेत माणसे बसली आणि सामान भरले तरी गाडी समतल राहते, कारण उंची मोजणारे सेन्सर प्रत्येक चाकाची स्थिती कळवत असतात आणि त्यानुसार हवा भरली किंवा सोडली जाते. बागेत शिरताना नेहमीच्या उंचीपेक्षा ५५ मिलिमीटर वर जाता येते, आणि माझ्या वृद्ध आईला चढता यावे म्हणून ५० मिलिमीटर खालीही येता येते. टेरेन रिस्पॉन्सच्या (वाटेच्या प्रकारानुसार गाडी जुळवून घेणाऱ्या यंत्रणेच्या) काही पर्यायांत गाडी स्वतःहून उंच होते. कॉइल बसवल्यावर हे सर्व संपते. शिवाय कंट्रोल युनिटला (सस्पेन्शन चालवणाऱ्या संगणकाला) फसवणारी एखादी जोडणी बसवावी लागते, नाहीतर दिवे कायमचे पेटून राहतात. इतकी विचारपूर्वक बनवलेली यंत्रणा केवळ एका ठिकाणच्या गळतीपायी उपटून टाकावी, हे मला पटत नाही.

आणखी एक अडचण आहे. नोंदणीला २०२६ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होत असल्याने पुनर्नोंदणीसाठी आरटीओत पासिंग करून घ्यावे लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. सस्पेन्शनचा प्रकारच बदललेल्या गाडीचे पासिंग कोणी करून घेतले असल्यास निरीक्षकांनी त्याकडे कसे पाहिले, हे जाणून घ्यायचे आहे.

बाकी गाडी उत्तम आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण सल्ला देताना त्याचा विचार व्हावा. या इंजिनात बेअरिंग फिरून क्रँकशाफ्ट निकामी होण्याची उदाहरणे जगभर आहेत, त्यामुळे ऑइल मी कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच बदलतो. पुढचा टायमिंग बेल्ट आणि इंजिनच्या मागच्या बाजूचा, डिझेल पंप चालवणारा बेल्ट, हे दोन्ही एकाच वेळी बदलून झाले आहेत. गिअरबॉक्सचे ऑइल 'आयुष्यभराचे' असते असे सांगितले जाते, पण स्वतः झेडएफ ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलण्यास सांगते. फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असल्याने पॅनसकट तेही काम करून घेतले आहे.

तेव्हा माझे प्रश्न असे : गळती घरच्या घरी, पद्धतशीरपणे कशी शोधावी? कंप्रेसर खरोखर गेला आहे की गळतीमुळे थकला आहे, हे कसे ठरवावे? आणि नाशिक, पुणे किंवा मुंबई परिसरात केवळ सुटे भाग न बदलता निदान करून काम करणारे कोणी माहीत आहे का?

प्रतिसाद

आपली गाडी ज्या काळातील आहे, त्याच काळातील डिस्कव्हरी मी पुण्यात अनेक वर्षे चालवत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेवावे.

प्रथम सस्पेन्शनचा फ्यूज काढून गाडी रात्रभर उभी ठेवा. हे महत्त्वाचे आहे, कारण गाडी बंद असतानाही कंट्रोल युनिट काही तासांनी जागे होते आणि एखादा कोपरा उतरलेला आढळला, तर गाडी समतल राहावी म्हणून उरलेले तीन कोपरेही त्याच्या पातळीवर आणते. सकाळी संपूर्ण गाडी बसलेली दिसते ती त्यामुळे. चारही बलून गेले असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. फ्यूज काढल्यावर फक्त गळका कोपराच खाली येईल. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी रात्री व सकाळी टेपने मोजून लिहून ठेवा. हीच चाचणी एकदा नेहमीच्या उंचीवर आणि एकदा ऑफ-रोड उंचीवर करा. रबराची घडी प्रत्येक उंचीला वेगळ्या जागी पडते, त्यामुळे एका उंचीवर बंद असलेली चीर दुसऱ्या उंचीवर उघडते.

कोपरा निश्चित झाल्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, पण फक्त रबरावर नको. हवेची नळी बलूनच्या डोक्यावर ज्या पितळी जोडणीत शिरते, तिथे अनेकदा बारीक बुडबुडे दिसतात. तसे असेल तर त्या कोपऱ्यातील हवा स्कॅनरने सोडून, नळीचे टोक सरळ कापून आणि नवी जोडणी बसवून काम भागते. हवा सोडल्याशिवाय जोडणीला हात लावू नये आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पुढच्या दोन्ही चाकांचा व्हॉल्व्ह ब्लॉक एकच असतो. जोडणी आणि रबर दोन्ही कोरडे असतील, तर त्या ब्लॉककडे वळावे.

कंप्रेसर मागच्या डाव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या खालच्या अंगाला असतो. आपल्या बागेतील चिखल नेमका तिथेच साचत असणार. आवरण काढून स्वच्छता करा आणि हवा बाहेर पडण्याच्या वाटेवर पांढरी पूड दिसते का ते पाहा. हवेतील ओलावा शोषणारे दाणे फुटले की त्यांची पूड व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसते आणि नव्या कंप्रेसरचेही नुकसान करते. सी१ए२० या कोडमागे कंप्रेसरच्या पिस्टनची झिजलेली रिंगही असू शकते. तिचे दुरुस्ती संच मिळतात. परंतु क्रम चुकवू नका, आधी गळती बंद करा, मगच कंप्रेसरविषयी निर्णय घ्या. गळती तशीच राहिली तर नवा कंप्रेसरही सतत चालून तापेल. कंप्रेसर बदलावाच लागला तर त्याचा रिले (मोटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) त्याच वेळी नवा घाला, कारण जुना रिले चिकटला की मोटर थांबत नाही आणि जळते. आपल्या गाडीत हिताचीचा कंप्रेसर असेल आणि त्याजागी एएमके या दुसऱ्या कंपनीचा बसवणार असाल, तर कंट्रोल युनिटचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागते. हे न करता बसवलेले कंप्रेसर मी पाहिले आहेत, आणि अशा गाड्यांतील दोषाचा दिवा काही केल्या जात नाही.

धागालेखक

आपण इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. फ्यूज काढून दोन्ही उंचींवर मोजमाप घेतले. मागची दोन्ही चाके आणि पुढचे उजवे चाक जागचे हलले नाही, फक्त पुढचा डावा कोपरा उतरला, आणि तोही ऑफ-रोड उंचीवर अधिक. साबणाचे पाणी मारल्यावर जोडणी कोरडी निघाली, परंतु रबराच्या घडीत फेस आला. म्हणजे चारऐवजी एकच, किंवा समतोल राखण्यासाठी पुढची जोडी बदलावी लागेल असे दिसते. कंप्रेसरपाशी पांढरी पूड आढळली नाही.

आता विचारायचे एवढेच उरते : पुढच्या जोडीसाठी मूळ कंपनीचे भाग घ्यावेत की आर्नॉटसारख्या बाहेरच्या उत्पादकाचे? आपल्याकडील उन्हाळ्यात त्यांचे रबर कसे टिकते, हे कोणी दोन-तीन वर्षे वापरून पाहिले आहे का? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने बलून मिळू शकतील, पण वापरलेले रबर पुन्हा बसवण्यास मन धजत नाही. आणि पासिंगविषयीच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही. ज्यांनी पंधरा वर्षांनंतर अशा गाडीची पुनर्नोंदणी केली आहे, त्यांनी निरीक्षणाच्या वेळी सस्पेन्शनचे नेमके काय पाहिले गेले ते कृपया कळवावे, म्हणजे त्या तारखेआधी करायची कामे मला ठरवता येतील.